रंग ऐकायला हैदराबादला

हैदराबादहून परत आल्यावर शेजारच्या बाईंनी पहिली चौकशी केली ती मोत्यांची. कसे मिळाले, खरे की खोटे, दाखवा तरी. मी त्यांना एक पत्र्याचा डबा दाखवला. आतून काळा रंगवलेला, झाकणाला भोक पाडलेला, कडेने दोन वायरी बाहेर आलेला. बाईंनी तो हातात घेतला, उलटासुलटा केला आणि "बरं बरं, छान आहे हो" म्हणून परत दिला. आठ दिवस हैदराबादेत राहून या बयेने डबा आणला, हे आतापर्यंत आमच्या गल्लीत सगळ्यांना कळलं असेल. कळू दे. त्या डब्यासाठीच आम्ही गेलो होतो.

आम्ही म्हणजे मी आणि माझी भाची रेवती. मी परभणीच्या एका कॉलेजात अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते. रेवती माझ्या थोरल्या भावाची मुलगी. चौथीत असताना मोठं दुखणं आलं आणि त्यात तिची नजर गेली. त्यानंतर ती ब्रेलवर शिकली, लेखनिक घेऊन परीक्षा दिल्या आणि यंदा दहावीला असे मार्क मिळवले की आमच्या घरात पेढे संपून पुन्हा आणावे लागले. पेढे खाताखाताच तिने जाहीर केलं की तिला सायन्सला जायचं आहे. दादाने माझ्याकडे पाहिलं, मी वहिनीकडे पाहिलं आणि तिघांनीही पेढा चघळायचं थांबवलं.

आमचे प्राचार्य वाईट माणूस नाहीत, हट्टी मात्र आहेत. ते रेवतीसमोर म्हणाले, "थिअरीला माझी हरकत नाही. पण प्रॅक्टिकल स्वतः केलं पाहिजे. दुसऱ्याने बघायचं आणि हिने लिहून घ्यायचं, याला मी प्रयोग म्हणत नाही." मग जरा मऊ होऊन म्हणाले, "कॉलेज उघडायच्या आत एक टायट्रेशन तिच्या हाताने करून दाखवा. लगेच प्रवेश देतो."

ज्यांनी टायट्रेशन केलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. चंबूत आम्ल घ्यायचं, त्यात सूचकाचे एकदोन थेंब टाकायचे आणि वरून, बुरेट म्हणतात त्या रेघा आखलेल्या काचेच्या नळीतून, कॉस्टिक सोड्याचं पाणी थेंबाथेंबाने सोडायचं. आम्ल आहे तोवर चंबूतलं पाणी पाण्यासारखंच दिसतं. आम्ल संपलं की पुढच्याच थेंबाला ते गुलाबी होतं. तिथे हात थांबला पाहिजे. एक थेंब जास्त पडला की सगळं पाणी भडक होतं आणि प्रयोग फुकट जातो. डोळे असलेली पोरंसुद्धा वर्षभर तो थेंब चुकवत असतात.

अलीकडे बाजार खुला झाल्यापासून आमच्या कॉलेजात परदेशी उपकरणांचे गुळगुळीत कॅटलॉग येतात. त्यातल्या एकात रंग मोजून आकडा बोलून दाखवणारं यंत्र होतं. किंमत वाचल्यावर आमच्या विभागप्रमुखांनी ते कॅटलॉग अलगद कपाटात ठेवलं, जणू जोरात मिटलं तर पैसे पडतील. त्याच संध्याकाळी मी हैदराबादला माझ्या मामेभावाला, सतीशला, फोन लावला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "अक्का, उजेडाचा आवाज करता येतो. तिला घेऊन ये."

काचीगुडा

गाडीतल्या रात्रीबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. सकाळी काचीगुड्याला उतरलो तेव्हा सतीश फलाटावर उभा होता. केस बरेच पिकलेत. सतीश एका मोठ्या सरकारी इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यात इंजिनिअर होता. नवं धोरण आलं, कारखान्याला माणसं जास्त वाटायला लागली आणि स्वेच्छानिवृत्तीची योजना निघाली. स्वेच्छा कुणाची होती ते विचारू नये. आता सुलतान बाजाराजवळच्या एका गल्लीत त्याचं छोटं दुकान आहे. तिथे तो टीव्हीचे रिमोट आणि कॉर्डलेस फोन दुरुस्त करतो.

मामा जाऊन बरीच वर्षं झाली. अंबरपेठच्या घरी मामी आणि सतीश. त्याची बायको मुलांना घेऊन माहेरी गेली होती. मामींचा जन्म, लग्न, संसार सगळं हैदराबादेत झालं, त्यामुळे त्यांच्या मराठीत मराठवाडा, दक्खनी आणि तेलुगू अशा तिघींनी संसार मांडलाय. मला ती भाषा फार आवडते. रिक्षातून उतरताच त्यांनी रेवतीला पोटाशी धरलं आणि तिच्या कानाशी मोठ्यांदा ओरडल्या, "प्रवास बरा झाला का गे माय?"

"आजी, मला दिसत नाही," रेवती म्हणाली. "ऐकू येतं."

मामी इतक्या हसल्या की पदर तोंडाला लावावा लागला. "हौ की गे. मला बुढ्ढीलाच समजना. ये, हात दे."

घरात लोणच्याचा वास भरला होता. आमच्याकडे कैरीचं लोणचं म्हणजे फोडणी, गूळ असेल तर गूळ, आणि जपून वाढायचं. इथे शेजारणीच्या संगतीने मामी आवकाय घालतात. मोहरीची पूड, लाल तिखट आणि तेलात बुडलेल्या कैरीच्या बाठीसकट फोडी. बरणी भरली की परातीला लागलेल्या मसाल्यात गरम भात कालवायचा आणि सगळ्यांनी त्या परातीभोवती बसून खायचा, ही इथली रीत. रेवतीचं नाक वाहत होतं, डोळे वाहत होते आणि ती "अजून" म्हणत होती. रात्री अंबाडीची भाजी. आमच्याकडे अंबाडी पाहुण्याला करत नाहीत, गरिबाची भाजी म्हणतात. इथे ती पाहुणा आला म्हणून मुद्दाम करतात, आणि खाल्ल्यावर मला त्यांचं म्हणणं पटलं.

सुलतान बाजार

दुसऱ्या दिवशी सतीशच्या दुकानात गेलो. कापडाची दुकानं, पुस्तकांचे ढीग, सोनारांच्या पेढ्या, मधून वाट काढणाऱ्या बसगाड्या. रेवतीने माझं कोपर धरलं होतं आणि मी तिला एकेक सांगत होते. शेवटी ती म्हणाली, "आत्या, जरा थांब. तू बोलतेस ना, त्यामुळे मला बाजार ऐकू येत नाही." मी गप्प बसले. शिक्षिकेला हे जड जातं.

सतीशच्या गल्लीत इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांची दुकानं एकाला एक चिकटून आहेत. पूर्वी जे भाग कारखान्यात अर्ज करून महिन्यांनी मिळायचे ते आता इथे शेंगदाण्यांसारखे पुड्यांत मिळतात, असं सतीश म्हणाला. म्हणताना तो खूश होता की नाही ते मला कळलं नाही.

त्याने एक वाटाण्याएवढा चपटा तुकडा रेवतीच्या बोटांत दिला. "याच्यावर उजेड पडला की हा विजेला जास्त वाट देतो. अंधार झाला की वाट अडवतो. तेवढंच करतो बिचारा. त्याला एका आवाजाच्या सर्किटला जोडायचं. उजेड जास्त तर सूर वर, उजेड कमी तर सूर खाली. सिंपल आहे."

त्याने तिथेच सगळं जोडलं. छोट्या स्पीकरमधून रातकिड्यासारखा आवाज निघाला. रेवतीने त्या तुकड्यावर तळवा धरला आणि सूर खाली गेला. काढला, वर आला. ती तो तळवा पुढे-मागे करत राहिली. मग तिने मान वर करून विचारलं, "समोर कुणीतरी उभं राहिलं का आता?"

खरंच एक गिऱ्हाईक दारात येऊन उभं राहिलं होतं. त्याची सावली पडली होती.

इतका वेळ मी हसत होते. त्या वेळी मात्र थांबले. दारात माणूस आला हे तिला पावलांवरून नेहमीच कळतं, पण सावली पडलेली तिला आज कळली होती.

शेजारचा दुकानदार डोकावून बघत होता. नवं सर्किट बनवलं की त्यावर काळं राळेसारखं काहीतरी ओतून ते बुजवायचं, म्हणजे दुसऱ्याला नक्कल करता येत नाही, ही त्या गल्लीची पद्धत आहे. तो सतीशला म्हणाला, "बंद कर देव भाई, नहीं तो कल पूरी गल्ली में बिकता."

"बिकने देव," सतीश म्हणाला. "परभणी में बिगड़ा तो कौन खोलता? खुल्ला रहना इसको." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "कारखान्यात सगळ्यावर गोपनीय असा शिक्का असायचा. आता बघू दे लोकांना." त्याने सर्किटचा नकाशा एका कागदावर काढला आणि दोन प्रती केल्या. एक आम्हाला दिली आणि एक शेजाऱ्याच्या हातात.

बुरेटवरच्या रेघा रेवतीला वाचता येणार नाहीत, हा दुसरा प्रश्न होता. त्याचं उत्तर औषधाच्या दुकानात मिळालं. मोठी प्लॅस्टिकची इंजेक्शनची पिचकारी घेतली आणि तिच्या दट्ट्याला सतीशने बारीक कानशीने खाचा पाडल्या. नखाला एक खाच लागली की इतकं पाणी गेलं. दोन खाचांमधलं अंतर तिने इतक्या लवकर बोटात भरून घेतलं की सतीश कानस हातात धरून नुसता बघत राहिला.

गौलीगुडा आणि पुन्हा अंबरपेठ

घरी आल्यावर मात्र यंत्राने तमाशा मांडला. मामींच्या ट्यूबलाइटखाली सूर थरथरायला लागला, कारण ट्यूबचा उजेड सारखा लुकलुकतो, ते आपल्याला दिसत नसलं तरी. मामी वाकून बघायला आल्या की सूर पडे. मी वाकले की पडे. खिडकीवर कबूतर बसलं तरी पडे. रेवती वैतागून म्हणाली, "तुम्ही सगळे आधी घराबाहेर जा."

म्हणून आम्ही गौलीगुड्याच्या बाजारात डबा घ्यायला गेलो. तिथल्या भांडेवाल्याने आमच्यासमोर दहा डबे मांडले. मी चंबू पिशवीतून काढून प्रत्येकात बसवून बघत होते. त्याला वाटलं मी लोणच्याची बरणी ठेवायला बघतेय, आणि त्याने मला पत्र्यात लोणचं ठेवू नये म्हणून कळकळीने सांगितलं. मी त्याला समजावलं नाही. डबा घेतला, शाळेच्या फळ्याला लावतात तो काळा रंग घेतला. एका बाजूला टॉर्चचा बल्ब, समोरच्या बाजूला तो वाटाणा, मधे चंबू आणि झाकणाच्या भोकातून पिचकारीची नळी. बाहेरचा उजेड बंद. सूर एकदम सरळ झाला.

आता खरी परीक्षा. आम्ल, सोडा आणि सूचक मी परभणीहून बाटल्यांत, जुन्या पातळात गुंडाळून आणले होते. मामींच्या देवघराशेजारच्या चौरंगावर मांडामांड झाली. रेवती थेंब सोडायला लागली. सूर तसाच. थेंब, थेंब, थेंब. सूर तसाच. शेवटी कुठे किंचित उतरला तेव्हा ती थांबली. मी झाकण उघडलं. चंबूत लग्नातल्या शालूसारखा राणी रंग झाला होता.

"काय झालं?" तिने विचारलं.

"थोडं पुढे गेलं."

"थोडं की खूप?"

मी तिच्याशी खोटं बोलत नाही. "खूप."

तिने पुन्हा केलं. पुन्हा राणी रंग. पुन्हा केलं, आणि चंबू हाताने बाजूला सारला. फिका गुलाबी रंग त्या डब्याला ऐकूच येत नव्हता. सतीशने बल्ब बदलून पाहिला, बॅटरी बदलून पाहिली. रेवती उठून गच्चीवर गेली आणि जेवायलाही आली नाही. मामींनी ताट वर नेलं. खाली येऊन म्हणाल्या, "खायली बाई. पण बोलना." कॉलेज उघडायला आता मोजके दिवस होते आणि माझ्यापाशी दुसरी युक्ती नव्हती. नाही जमलं तर ती कला शाखेला जाईल, पहिली येईल, आणि आम्हाला कुणालाही कधी बोल लावणार नाही. मला तेच सहन होत नव्हतं.

सकाळी मी आंघोळीहून आले तर मामी चौरंगापुढे बसलेल्या. रेवती पलीकडे, पुन्हा डबा चालू करून, चंबूत नुसतं सोड्याचं पाणी घेऊन सूर जुळवत होती. मामींच्या हातात हळदी-कुंकवाचा करंडा.

"नवी वस्तू घरात आली," मामी म्हणाल्या, "न हळद ना कुंकू, डायरेक कामाला लावली. मग कशी चालंल? सतीशचा स्कूटर आला तवा पण मीच लावले." त्यांनी डब्याला पाच बोटं लावली, झाकण उचललं आणि चंबूच्या गळ्यालाही चिमूटभर हळद लावायला गेल्या. अर्धी हळद आत पडली.

त्यांनी झाकण लावलं आणि सूर धाडकन खाली गेला.

"मामी, काय केलंत हे?" माझा आवाज चढला. मला राग लवकर येतो आणि तो दिसतो. "प्रयोगाची वस्तू आहे, देव्हारा नाही."

"कायकू चिडायलीस? चिमूटभर तर पडली."

"आत्या, गप्प," रेवती म्हणाली. "आजी, काय टाकलंत?"

"हळद, माय."

"किती?"

"इत्तीशी."

"मग सूर इतका कसा पडला?"

मी चंबूत पाहिलं. हळद सोड्यात पडली की लाल होते, हे पातळावरच्या हळदीच्या डागाला साबण लावणाऱ्या प्रत्येक बाईला माहीत असतं. पाणी तांबडं-लाल झालं होतं. म्हणजे डबा बहिरा नव्हता. त्याला हा रंग ऐकू येत होता, आमचा गुलाबीच येत नव्हता.

"गढूळ झालं असेल म्हणून," रेवती म्हणाली. "साध्या पाण्यात टाकून बघ."

साध्या पाण्यात तेवढीच हळद टाकली. सूर जरासा उतरला. सोड्यात टाकली की कोसळत होता. आता मला चौरंगापाशी बसवेना. टॉर्चच्या बल्बचा उजेड पिवळट-तांबूस. हळदीचं लाल पाणी त्यातला बराच उजेड खातं; गुलाबी पाणी खातं तो नुसता हिरवा. आमच्या बल्बच्या उजेडात हिरवा थोडा, बाकीचाच फार. गुलाबीने आपला घास खाल्ला तरी ताट भरलेलंच दिसत होतं. मग ताटात नुसता हिरवाच वाढला तर? हे मी दरवर्षी फळ्यावर शिकवते. आमच्या कॉलेजात रंग काट्यावर दाखवणारं एक जुनं यंत्र आहे, त्यात हिरव्या काचेची पट्टी आयती असते आणि ते यंत्र कुलपात, त्यामुळे त्या पट्टीचा विचार करायची पाळी माझ्यावर कधी आली नव्हती. मी मामींच्या पाया पडले. त्या म्हणाल्या, "आता काय झालं?"

हिरवा कागद

लग्नाच्या रोषणाईला दिव्यांवर गुंडाळतात तो जिलेटिनचा रंगीत कागद सुलतान बाजारात मिळतो. मी पिशवीतून गुलाबी पाण्याची बाटली काढून काउंटरवर ठेवली आणि हिरवे कागद मागितले.

"कौनसा हरा होना अम्मा?" दुकानदाराने विचारलं. त्याच्याकडे पोपटी, गर्द, शेवाळी असे बरेच हिरवे होते.

"जिसमें से ये शरबत काला दिखता, वो."

तो माझ्याकडे आणि मग बाटलीकडे बघत राहिला. रेवतीला हसू आवरेना. मी एकेक कागद डोळ्यापुढे धरून त्यातून बाटली बघायला लागले. तोही दुसरा कागद घेऊन बघायला लागला. मग त्याच्याकडे झालरी घ्यायला आलेल्या दोन बायकाही बघायला लागल्या. पोपटीतून गुलाबी गुलाबीच दिसे. गर्दमधून सगळंच काळं. एका मधल्या हिरव्यातून आजूबाजूची दुनिया हिरवी आणि बाटली तेवढी काळपट दिसली. "ये देखो अम्मा, ये," दुकानदार म्हणाला. कागद गुंडाळून देताना त्याने विचारलं, "शादी किसकी है?"

"किसी की नहीं," रेवती म्हणाली. "मेरा इम्तहान है."

"अल्ला कामयाब करे बेटा," तो म्हणाला आणि एक कागद वरून घातला.

संध्याकाळी बल्बपुढे तो कागद दुहेरी घडी करून लावला. चौरंगापासून दूर आम्ही तिघं भिंतीला टेकून बसलो. मामींनी जप चालवला होता, तो रेवतीने बंद करायला लावला. थेंब पडत होते. प्रत्येक थेंबाला सूर जरा डळमळे आणि परत जागेवर येई. तिची मान एका बाजूला कलली होती. मग एक थेंब पडला आणि सूर खाली आला. ती थांबली, डब्यासकट चंबू हलवला, वाट पाहिली. सूर खालीच राहिला.

मी झाकण उघडलं. तान्ह्या बाळाच्या तळपायासारखा फिका गुलाबी.

मी चंबू दिव्याशी नेऊन पुन्हा पाहिला. रेवतीने वाट पाहिली आणि मग जरा घाबरून विचारलं, "पुन्हा पुढे गेलं का?"

"नाही गं," मी म्हटलं. "बरोब्बर आहे."

सतीश उठून बाहेर ओट्यावर गेला. मी त्याच्या मागे गेले. तो कठड्याला धरून उभा होता. म्हणाला, "अक्का, नोकरी सुटल्यापासून नवीन काही बनवलंच नव्हतं मी. लोकांचं तुटलेलंच जोडत होतो." मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. लहानपणी तो माझ्या वेण्या खुर्चीला बांधायचा, त्याचा राग माझ्या मनातून त्या दिवशी पार गेला.

उरलेले दिवस रेवतीने तेच काम केलं. मामींच्या घरातलं लिंबू, चिंच, कांद्यात घालायला आणलेलं व्हिनेगर, काहीही आंबट सुटलं नाही. कुणाच्या लिंबात किती आंबट आहे हे ती खाचांवर मोजून सांगायची. शेजारची तेलुगू काकू आपली चिंच घेऊन तपासायला आली. चारमिनार आम्ही पाहिला नाही.

परभणी

येताना डबा मी मांडीवर घेऊन बसले होते. मामींनी आवकायची बरणी दिली, तीही. एका मांडीवर एक.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत प्राचार्य आणि विभागप्रमुख दोघंही आले. आम्ल प्राचार्य सरांनी स्वतः घेतलं, किती ते आम्हाला न सांगता. मला त्यांनी दाराशी उभं केलं. "तुम्ही तिथेच थांबा, बाई." मी थांबले. हात कुठे ठेवावेत ते मला कळत नव्हतं.

रेवतीने टेबल चाचपलं, डबा आपल्यासमोर ओढला, पिचकारी भरली, नख खाचेला लावलं. प्रयोगशाळेत तो रातकिडा वाजायला लागला. विभागप्रमुखांनी भुवई उंचावली. थेंब पडत राहिले. मी मनातल्या मनात म्हणत होते, हळू, हळू, आता अगदी हळू. तिला माझी गरज नव्हती. सूर उतरला. ती थांबली, डब्यासकट चंबू हलवला, ऐकलं आणि पिचकारी खाली ठेवली.

"झालं, सर."

प्राचार्यांनी चंबू बाहेर काढून उजेडात धरला. "यात तर काहीच रंग नाही."

मी एक पाऊल पुढे टाकलं आणि परत मागे घेतलं.

"आहे, सर," रेवती म्हणाली. "चंबूखाली पांढरा कागद धरून बघा."

विभागप्रमुखांनी खिशातला कागद पुढे केला. चंबू त्यावर ठेवला. दोघंही वाकले. गुलाबी होता. इतका फिका की कागद नसता तर मलाही दिसला नसता. मग त्यांनी तिच्या खाचा मोजल्या, गणित केलं आणि सरांनी घेतलेल्या आम्लाशी ताडून पाहिलं. जुळलं. विभागप्रमुख डब्याचे स्क्रू काढून आत बघायला लागले.

सर तिच्यासमोरच्या स्टुलावर बसले. आवाज खाली आणून, खरोखर जाणून घ्यायचं असल्यासारखं त्यांनी विचारलं, "पण बेटा, तुला तर रंग दिसत नाही. मग हा गुलाबी झाला हे तुला कशावरून कळलं?"

"गुलाबी झाला हे मला नाही कळलं, सर," ती म्हणाली. "आम्ल संपलं, एवढंच कळलं. प्रयोग त्याचाच आहे ना?"

दाराशी मी उभी होते. इतकी वर्षं मी पोरांना सांगत आले आहे, गुलाबी शोधा, गुलाबी आला की थांबा. आम्ल संपतं त्या क्षणाला आपण शोधतोय, हे मी कुणाला शेवटचं कधी सांगितलं होतं?

सरांनी चंबू टेबलावर ठेवला आणि उठले. ते दाराशी आले. मागे वळून तिलाच म्हणाले, "सोमवारी पहिली बॅच आहे. उशिरा येणाऱ्याला मी आत घेत नाही."

"मी लवकर येईन, सर," रेवती म्हणाली आणि पिचकारी धुवायला नळ शोधू लागली.